ओढा नकाशावर आहे, शेतात नाही: जुने नकाशे ‘डिजिटल’ होतात म्हणजे नेमकं काय होतं?

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात काय झालं ते कुणाला नव्यानं सांगायला नको. सीना, सिंदफणा, मांजरा, गोदावरी अशा नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. सोयाबीन आणि कापूस तर गेलाच, पण कित्येक ठिकाणी पिकाखालची मातीही खरडून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. अशा वेळी गावातली जुनी माणसं म्हणतात, पाण्यानं आपली जुनी वाट धरली. आजच्या सपाट, नांगरलेल्या वावरात ती वाट कुठं दिसत नाही. मग ती कुठं नोंदलेली आहे का?

आहे. देहरादूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कागदी नकाशांवर. हे नकाशे गेली काही दशकं संगणकात नेले जात आहेत. फेब्रुवारी २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय भू-स्थानिक मिशनची, म्हणजे देशाच्या नकाशांचा डिजिटल पाया उभारण्याच्या मोहिमेची, घोषणा झाली, तेव्हापासून ‘डिजिटल नकाशे’ हा शब्द बातम्यांमध्ये वरचेवर येतो. वाचणाऱ्याला वाटतं, स्कॅन करून वेबसाइटवर टाकले असतील, झालं. तेवढंच असतं तर काम कधीच संपलं असतं.

आधी हा कागद ओळखून घेऊ

शाळेच्या भूगोलात याला स्थलदर्शक नकाशा म्हणतात. कामावरची माणसं टोपोशीट म्हणतात, आपणही तेच म्हणू. भारतीय सर्वेक्षण विभागाची सुरुवात १७६७ची. त्याचं नेहमीच्या वापरातलं टोपोशीट १:५०,००० प्रमाणाचं असतं, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. एका शीटमध्ये साधारण २६ बाय २७ किलोमीटरचा मुलूख बसतो. त्याआधीची शीटं एका इंचाला एक मैल या हिशेबानं काढलेली होती.

प्रत्येक शीटला नंबर असतो आणि त्याचं गणित सोपं आहे. देशाचे चार अंश बाय चार अंशांचे मोठे चौकोन पाडले. आपल्याकडचा एक ४७ नंबरचा, त्याच्या पूर्वेचा ५६ नंबरचा. प्रत्येकाचे सोळा भाग केले, त्यांना ए ते पी अक्षरं दिली. त्या प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा. छत्रपती संभाजीनगर शहर येतं ४७ एम/५ मध्ये. नांदेड ५६ ई मध्ये. ४७ आणि ५६ यांच्यामधली हद्द म्हणजे ७६ अंश रेखांश, तो धाराशिव शहराच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावरून जातो. ही हद्द लक्षात ठेवा, पुढं तिच्यावरून एक डोकेदुखी सांगायची आहे.

आता शीटवर काय असतं ते बघू. तपकिरी रेषा समान उंचीच्या जागा जोडतात, त्या समोच्च रेषा. दोन रेषांमध्ये सहसा २० मीटर उंचीचा फरक. हिरवं म्हणजे जंगल, पिवळं म्हणजे पिकाखालची जमीन, लाल म्हणजे रस्ते आणि वस्ती. निळं म्हणजे पाणी. पण इथं एक गंमत आहे. ज्या ओढ्याला वर्षातला बहुतेक काळ पाणी नसतं, तो निळा काढत नाहीत, काळ्या रेषेनं काढतात. बालाघाटच्या डोंगररांगेतलं एखादं शीट उघडून बघा. काळ्या रेषांचं जाळंच जाळं, आणि निळं म्हणाल तर इथं एखादं तळं, तिथं विहिरींचे बारके गोल. दुष्काळी पट्टा म्हणजे काय हे नकाशा न बोलता सांगतो.

विहिरीसुद्धा नुसत्या विहिरी नसतात. बांधीव वेगळी, कच्ची वेगळी. तळ्याच्या बंधाऱ्याशेजारी ‘५ आर’ असं रोमन लिपीत लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ, बंधारा आजूबाजूच्या जमिनीपासून पाच मीटर उंच आहे. उजाड झालेल्या गावाची वेगळी खूण, ईदगाहची वेगळी, मंदिराची वेगळी. सर्वेक्षक पायी फिरून हे टिपत. विमानातून घेतलेले फोटो वापरात आल्यावरही नावं आणि खुणा गावात जाऊनच पडताळाव्या लागत.

फोटो वेगळा, हिशेब वेगळा

बचत गटाची वही डोळ्यांसमोर आणा. सचिव ताईंनी वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. पान सगळ्यांना दिसलं. पण ‘गेल्या सहा महिन्यांत कुणाचा हप्ता थकला?’ हे त्या फोटोला विचारून उत्तर मिळत नाही. तेच आकडे एकेका रकान्यात भरले, नाव, तारीख, रक्कम अशी प्रत्येकाची ओळख दिली, की हाच प्रश्न दोन सेकंदांत सुटतो.

स्कॅन केलेलं टोपोशीट म्हणजे वहीचा फोटो. संगणकाला त्यात फक्त रंगीत ठिपके दिसतात. ही काळी रेघ ओढ्याची की जिल्ह्याच्या हद्दीची, हे त्याला कळत नाही. डेटाबेस करायचा म्हणजे प्रत्येक खुणेला तिची ओळख द्यायची. विहीर हा एक बिंदू, सोबत नोंद: बांधीव. ओढा ही एक रेषा, सोबत नोंद: हंगामी, नाव अमुक, वाहण्याची दिशा तमुक. तळं हा एक बंद आकार, सोबत त्याचं क्षेत्र. मग विचारता येतं: या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटरच्या आत किती वस्त्या आहेत?

कागदापासून डेटाबेसपर्यंत

भारतीय सर्वेक्षण विभागानं हे काम १९८०च्या दशकात सुरू केलं. देशभरात १:५०,०००ची पाच हजारांहून जास्त शीटं आहेत. आकडा फार मोठा वाटत नाही, पण एकेका शीटमध्ये काय काय भरलंय ते वर पाहिलं आहेच.

पहिली पायरी स्कॅनची. कागद दमट हवेत फुगतो, घडीवर झिजतो. म्हणून शक्य असेल तिथं छापील शीटऐवजी छपाईच्या वेळचे रंगवार मूळ पट वापरतात. काळ्याचा पट वेगळा, निळ्याचा वेगळा, तपकिरीचा वेगळा. समोच्च रेषांना याचा फार फायदा होतो, कारण तपकिरी पटावर दुसरं जवळपास काही नसतं. काळ्या पटावर मात्र सगळी गर्दी: गावांची नावं, रेल्वे, हद्दी आणि आपले कोरडे ओढे. त्यातून तालुक्याची हद्द पुष्कळदा ओढ्यावरूनच जाते. म्हणजे एकाच ओढ्याला चिकटून हद्दीच्या काळ्या तुटक खुणा आणि त्यांच्यावर गावाच्या नावाची काळी अक्षरं. आपोआप रेषा ओळखणारं सॉफ्टवेअर इथं हमखास घसरतं. अक्षराचा शेपटा ओढ्याला जोडून टाकतं. शेवटी माणूसच स्क्रीनवर नकाशा मोठा करून बसतो आणि नावाखाली गडप झालेला ओढा कुठून कुठं गेला असेल ते ठरवतो. समोच्च रेषेच्या मध्ये ५६०, ५८० असे आकडे लिहायला जागा सोडलेली असते. ती तुटलेली रेषाही हातानं सांधावी लागते.

दुसरी पायरी जागेवर बसवण्याची. शीटच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश माहीत असतात, त्यांवरून अख्खं चित्र पृथ्वीवर त्याच्या जागी नेऊन ठेवायचं. इथं एक खोच आहे. पृथ्वी नेमकी गोल नाही. मोजमापासाठी तिचा एक गणिती आकार आणि त्याची सुरुवात कुठून धरायची ते मानून चालावं लागतं, त्या मानण्याला डेटम म्हणतात. आपले जुने नकाशे ब्रिटिश सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३०च्या आकारावर बेतलेले. मोबाईलमधला जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ नावाचा दुसरा डेटम वापरतो. दोन्हींचे अक्षांश-रेखांश सारखे दिसले तरी जागा एक नसते. आपल्या भागात हा फरक शंभर मीटरच्या पुढं जातो. जुन्या शीटवरचे आकडे जसेच्या तसे मोबाईलमध्ये टाकले तर विहीर शेजाऱ्याच्या वावरात दिसेल. (थोडं विषय सोडून: एव्हरेस्ट यांच्या आधी देशाची मोजणी विल्यम लॅम्बटन करत होते. १८०२ मध्ये मद्रासहून सुरुवात केली आणि ७८ अंश रेखांशाच्या आसपासनं, म्हणजे मराठवाड्याच्या पूर्व टोकाजवळून, काम उत्तरेला सरकवत नेलं. १८२३ मध्ये वाटेतच, हिंगणघाटला ते वारले.)

तिसरी पायरी तपासणीची. कागदावर ओढा नदीच्या एक मिलिमीटर अलीकडं थांबला तर डोळा तो जोडून घेतो. संगणक घेत नाही. त्याच्या लेखी तो ओढा नदीला मिळतच नाही, आणि पाणी तिथंच अडतं. म्हणून प्रत्येक रेषा दुसरीला नेमकी भिडली का, पुढं घुसली तर नाही ना, तळ्याचा आकार पूर्ण बंद झाला का, ओढा चढावर तर वाहत नाही ना, असं सगळं तपासतात. या कामाला बातमीत जागा मिळत नाही. डेटाबेसची लायकी मात्र इथंच ठरते.

आणि चौथी, शिवणीची. म्हणजे ती मघाची ७६ अंशांची हद्द. पूर्वेचं शीट एका साली मोजलेलं, पश्चिमेचं दुसऱ्या साली. एकावर रस्ता डांबरी, दुसऱ्यावर तोच गाडीवाट. एकावर तळं, हद्द ओलांडली की तळ्याचा उरलेला भागच गायब, कारण तेव्हा ते बांधलंच नव्हतं. कागदावर हे दोन वेगळे तुकडे असतात, म्हणून खपून जातं. डेटाबेसमध्ये देश अखंड हवा. मग प्रत्येक शिवणीवर कुणीतरी ठरवायचं: खरं कोणतं धरायचं?

‘गूगलवर सगळं दिसतं की!’

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. उपग्रहाचं चित्र ताजं असतं आणि स्पष्टही असतं. पण ते आजचं असतं, आणि वरून दिसतं तेवढंच असतं. नांगरून सपाट केलेला ओढा त्यात नाही. आंब्याखालची विहीर नाही. टेकडीचं स्थानिक नाव नाही. उपग्रहाची जुनी चित्रंही फार मागं जात नाहीत. पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये गेला, आणि त्याच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण ऐंशी मीटर. त्यात बारका ओढा काय दिसणार?

गंमत अशी की दोन्ही एकमेकांवर ठेवले तरच खरा उपयोग होतो. जुन्या शीटवरचे ओढे आजच्या चित्रावर आणून ठेवा. ज्या रेषेखाली आज ऊस, प्लॉटिंग किंवा मंगल कार्यालय दिसतं, ती जागा तहसीलदारांनी, निदान ग्रामपंचायतीनं तरी, पावसाळ्याआधी जाऊन पाहण्यासारखी.

मग बांधाच्या भांडणाचा निकाल लागेल का?

नाही. हे रोखठोक सांगितलेलं बरं, कारण ‘डिजिटल नकाशा आला’ म्हटलं की गावात पहिली आशा हीच लागते. टोपोशीटवर गट नंबर नसतात. असते तरी उपयोग नव्हता. चौरस आकाराचं एक एकर शेत १:५०,००० वर जेमतेम सव्वा मिलिमीटरचं होतं. नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघच जमिनीवर पंचवीस मीटर रुंद! ती स्क्रीनवर कितीही मोठी केली तरी तिची अचूकता वाढत नाही. कागदावर निदान रेघ जाड दिसायची, माणूस जपून बोलायचा. स्क्रीनवर तीच रेघ केसासारखी बारीक दिसते आणि खोटा भरवसा देते.

शेताच्या हद्दीचे नकाशे वेगळे, ते भूमी अभिलेख विभागाकडं असतात: गाव नकाशा, टिपण (मोजणीचा मूळ कच्चा नकाशा), फाळणी (पोटहिश्श्यांचा नकाशा). मराठवाड्यात त्यांची वंशावळ निजामाच्या महसूल खात्यापर्यंत जाते आणि जुने कागद कित्येकदा उर्दूत असतात. त्यांचं डिजिटायझेशन हा स्वतंत्र आणि याहून अवघड उद्योग आहे, कारण तिथं प्रत्येक रेषेला दोन मालक आहेत. ड्रोननं गावठाण मोजणारी स्वामित्व योजना (सुरुवात २४ एप्रिल २०२०) हा तिसरा प्रकार. त्यातून गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका मिळते, शेताचा त्यात संबंध नाही. तिन्ही बातम्यांत शब्द ‘डिजिटल नकाशा’ हाच असतो, म्हणून घोळ होतो.

जुनं पुसायचं की ठेवायचं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. नवीन माहिती आली की जुनी खोडून टाकायची, ही संगणकाची सोपी सवय. पण मराठवाड्याचं काय करणार? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला, आणि किल्लारीसह लातूर-धाराशिव भागातली बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. गाव तेच, जागा दुसरी. जुन्या शीटवर जुनं किल्लारी, नव्यावर नवं. डेटाबेसमध्ये ‘किल्लारी’ शोधलं तर कोणता बिंदू यावा? योग्य उत्तर: दोन्ही, आपापल्या तारखांसह.

जायकवाडीचंही तसंच. १९६५ मध्ये पायाभरणी झाली, १९७६ मध्ये धरण पुरं झालं. नाथसागराखाली गेलेली गावं त्याआधीच्या शीटवर रस्त्यांसह, विहिरींसह आहेत. ज्यांची तिथं घरं होती त्यांच्या नातवंडांना ‘आपलं गाव इथं होतं’ असं बोट ठेवून दाखवता येईल असा सरकारी कागद बहुधा हाच. नवीन आवृत्तीत तिथं एक मोठा निळा आकार आहे. तो बरोबरच आहे, पण तो काढताना आधीचा थर फेकून दिला तर मग विचारायचं कुणाला?

नावांचंही तसंच. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं हल्ली बदलली, पण आंबेजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद म्हणून सापडते. चांगल्या डेटाबेसमध्ये ठिकाणाला एक न बदलणारा क्रमांक असतो आणि नावं त्याला तारखेनिशी जोडलेली असतात. मग कोणत्याही नावानं शोधा, जागा एकच निघते.

पुराचा अंदाज येईल का?

काही अंशी. समोच्च रेषांवरून संगणक जमिनीच्या उंच-सखलपणाचा आकार तयार करतो. त्यावरून पाणी कुठून कुठं जाईल, कोणत्या माथ्यावरचा पाऊस कोणत्या ओढ्याला मिळेल, म्हणजेच पाणलोट, ते निघतं. जलयुक्त शिवारसारख्या कामांत ‘माथा ते पायथा’ हे सूत्र सांगतात. ते खरोखर राबवायचं तर माथा कुठं संपतो ते आधी कळायला हवं. नाला खोलीकरण कुठं करायचं हे अशा नकाशावर ठरवलं तर निदान ठेकेदाराच्या सोयीनं ठरणार नाही.

पण २० मीटर उंचीच्या टप्प्यातून घरात किती फूट पाणी शिरेल ते कळत नाही. गोदाकाठी पैठणपासून खाली जमीन इतकी सपाट आहे की दोन समोच्च रेषांच्या मधे गावंच्या गावं मावतात. तिथं संगणक मधली उंची अंदाजानं भरतो. पूररेषेसाठी विमानातून किंवा ड्रोनमधून लेझरनं घेतलेली सेंटिमीटरमधली मोजमापं लागतात. जुन्या शीटचं काम, ओढा कुठं होता हे सांगणं. तो किती चढेल हे सांगणं तिचं काम नाही.

शत्रूच्या हाती लागले तर?

ही भीती बराच काळ सरकारलाही होती, आणि अनेक भागांचे नकाशे सामान्य माणसाला मिळतच नसत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं दोन मालिका केल्या: एक संरक्षणासाठी, दुसरी सर्वांसाठी खुली. खुल्या मालिकेतून लष्करी महत्त्वाच्या जागा वगळल्या आणि ती डब्ल्यूजीएस-८४ वर नेली. १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि कंपन्यांना नकाशे तयार करायला आणि वापरायला पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. उपग्रह चित्रं जगभर मिळत असताना आपल्याच माणसांपासून ओढे लपवण्यात काही अर्थ उरलेला नव्हता.

खुल्या मालिकेचे नंबर मात्र नवे आहेत, ४७ एम/५ च्या धर्तीवर शोधलंत तर सापडणार नाहीत. मराठवाड्याचा बहुतेक भाग ई ४३ नं सुरू होणाऱ्या शीटांत येतो. २० अंश अक्षांशाच्या वर असलेलं सोयगाव आणि अजिंठ्याचा भाग एफ ४३ मध्ये, तर ७८ अंशांच्या पलीकडचं किनवट ई ४४ मध्ये. ही शीटं भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफमध्ये उतरवता येतात. पीडीएफ म्हणजे वहीचा फोटोच, पण ओढा बघायला तेवढा पुरतो. आपल्या गावाचं शीट उघडलंत तर समासात सर्वेक्षणाचं साल छापलेलं असतं, ते आधी वाचा. आणि गट नंबरचा नकाशा हवा असेल तर तो महाभूनकाशा पोर्टलवर बघा. हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. टोपोशीटची प्रिंट घेऊन तिथं गेलात तर हात हलवत परत यावं लागेल.